संग कोणाचा आणि दोष कोणाचा?

गेल्या माघात इंदापूर तालुक्यातील नीरेकाठच्या एका गावी हरिनाम सप्ताहात आमचे कीर्तन झाले. आरती झाली, बुक्का लावून मंडळी पांगू लागली. मंडपाच्या खांबाशी एक पोक्त बाई केव्हाच्या उभ्या होत्या, त्या पुढे आल्या. पायांवर डोके ठेवले आणि उठता उठता म्हणाल्या, "महाराज, माझं पोरगं वाईट नव्हतं हो. संगत वाईट होती. चौघांनी पाजली, चौघं मिळून गेले, अन् आत बसलाय माझा एकटा. मग पाप तरी देव चौघांत वाटून का घेत न्हाई?"

कीर्तनकाराच्या जिभेवर दृष्टान्त तयारच असतो. आम्ही तिथल्या तिथे वाल्या कोळ्याची कथा सांगितली. बायकामुलांसाठी वाटमारी करणारा तो वाल्या घरी जाऊन विचारता झाला की, माझ्या पापात तुम्ही वाटेकरी का? सर्वांनी हात झटकले. म्हणून माउली, ज्याचे कर्म त्याला. देव वाटणी करीत नाही.

बाई "बरं महाराज" म्हणाल्या, पदर डोक्यावर घेतला आणि गेल्या. त्यांचे समाधान झाले असे आम्हांस त्या रात्री वाटले. पण पहाटे काकड्याला उठलो तो ते "बरं" कानात होते, आणि ध्यानात आले की ते समाधानाचे नव्हते. मोठ्या माणसापुढे बोलू नये म्हणून गिळलेले ते "बरं" होते. बाईंनी विचारले होते एक आणि आम्ही सांगितले दुसरेच. शिवाय जी कथा सांगितली तीही अर्धीच. उरलेली अर्धी आज सांगावी, आणि त्यासोबत स्वतःचा एक अपराधही वाचकांपुढे ठेवावा, म्हणून हा लेख.

प्रथम परिस्थिती पाहू. बारामती आणि इंदापूर हा आमचा नेहमीचा फिरण्याचा मुलूख. श्रीतुकोबारायांची पालखी रोटीचा घाट चढून उंडवडीवरून बारामतीस येते. तेथून काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी असा मुक्काम-विसाव्यांचा मार्ग. काटेवाडीस पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते, बेलवाडीस अश्व धावतो. एका बाजूस नीरा डाव्या कालव्याचा बागायती पट्टा, उसाचे मळे, साखर कारखाने. दुसऱ्या बाजूस सुप्याकडचा जिरायती माळ. आम्ही पोरवयात पाहिले त्याहून हा मुलूख पुष्कळ सुधारला. पैसा आला, सडका झाल्या, पोरे शिकली. यात वाईट काही नाही. परंतु पाट आला की पाण्याबरोबर लव्हाळाही येतो.

आज संध्याकाळी सात वाजता गावात कोण कोठे बसले आहे ते पाहा. देवळाच्या ओसरीवर पाच म्हातारे आणि सडकेच्या टपरीवर पंधरा तरुण. वाढदिवसाला कोयत्याने केक कापायचा, त्याचे चित्र मोबाईलवर फिरवायचे, आणि ज्याच्या चित्राला जास्त वाहवा तो त्या टोळक्याचा नायक. आरंभी कोणीही गुन्हेगार नसतो. पहिला प्याला फुकट असतो. दुसऱ्या आठवड्यात तो उधार होतो. तिसऱ्या महिन्यात उधारी फेडण्यासाठी "जरा एवढं पाकीट तिकडं देऊन ये" असे सांगणे येते. आणि एके रात्री कोणाच्या तरी भांडणात, आपले भांडण नसता, हा मुलगा उभा असतो. २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मेफेड्रोन नावाच्या अमली द्रव्याचा शेकडो किलोंचा साठा पकडला. पाटसवरून रोटीच्या घाटाकडे वळणाऱ्या आमच्या पालखीमार्गापासून कुरकुंभ ते किती दूर! तेव्हा हे मुंबईचे दुखणे, आपल्याकडे नाही, असे म्हणून आता भागणार नाही.

आता शास्त्र काय म्हणते ते पाहू. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील ६२ आणि ६३ हे दोन श्लोक आमच्या पाठशाळेत गुरुजींनी तीन दिवस शिकविले होते. विषयाच्या चिंतनातून संग, संगातून काम, कामातून क्रोध, क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतीचा भ्रंश, स्मृती गेली की बुद्धीचा नाश, आणि बुद्धी गेली की माणूस गेला. ही आठ पायऱ्यांची उतरण आहे. येथे 'संग' म्हणजे आसक्ती, हा अर्थ भाष्यकारांनी केलाच आहे. पण आमच्या मराठीने त्याच शब्दाचा दुसरा अर्थ अधिक जवळचा केला: संग म्हणजे सोबत. आणि पाहा, दोन्ही अर्थ एकाच ठिकाणी येऊन मिळतात. ज्या गोष्टीचे चिंतन आपण एकट्याने कधी केले नसते, ते चिंतन सोबती आपल्याकडून रोज करवून घेतो. टपरीवर बसलेल्या पोराला विषयाचे ध्यान करावे लागत नाही. चौघे त्याच्यासाठी ते मोठ्याने करीत असतात.

दारूचे स्थान या उतरणीवर कोठे? ती मधल्या पायऱ्या खाऊन टाकते. एरवी माणसाला क्रोध येतो आणि संमोहापर्यंत पोचण्यास थोडा वेळ लागतो. त्या वेळात आई आठवते, घर आठवते, उद्या काय होईल ते आठवते. ही आठवण म्हणजेच स्मृती. दारू पहिला घाव त्या स्मृतीवर घालते. कठोपनिषदात शरीराला रथ, इंद्रियांना घोडे, मनाला लगाम आणि बुद्धीला सारथी म्हटले आहे. लोक समजतात की दारूने घोडे उधळतात. तसे नाही. दारू घोड्यांना पाजीत नाहीत, ती सारथ्याला पाजतात. घोडे होते तसेच असतात, लगाम धरणारा तेवढा झोपी जातो. आजचे वैद्यकही असेच सांगते, की मेंदूचा जो भाग 'थांब' म्हणतो त्याला मद्य आधी सुस्त करते, आणि तो भाग मुळात पंचविशीपर्यंत पुरता पिकलेला नसतो. म्हणजे सतराव्या वर्षी जो पितो त्याचा सारथी अजून शिकाऊ आहे, आणि त्याच शिकाऊ सारथ्याला आपण झिंगवतो.

भागवताच्या सहाव्या स्कंधात अजामिळाची कथा आहे. पुष्कळजणांना तिचा शेवटच ठाऊक असतो. मुलाला नारायण म्हणून हाक मारली आणि यमदूत परतले. आरंभ फारसे कोणी सांगत नाही. अजामिळ हा विद्वान, व्रतस्थ, आईबापांची सेवा करणारा ब्राह्मण. वडिलांच्या सांगण्यावरून फळेफुले, समिधा आणण्यास रानात गेला आणि परतताना त्याने मद्याने धुंद झालेले एक जोडपे पाहिले. भागवतकार लिहितात की, आपले धैर्य आणि आपली विद्या यांच्या बळावर त्याने स्वतःला आवरण्याची शिकस्त केली, पण त्याला आवरता आले नाही. हे वाक्य आम्हांस नेहमी थांबविते. संयम नसलेला माणूस पडला असता तर त्यात नवल नव्हते. येथे संयम शिकलेला, आवरू पाहणारा माणूस पडला. शास्त्र येथे आपल्याला सावध करते: एकट्याच्या निग्रहावर फार विसंबू नका.

या विषयावर पश्चिमेकडील पंडितांत मोठा वाद झालेला आहे. आम्हांस इंग्रजी बेताचे. नातू वाचून अर्थ सांगतो. अमेरिकेत सदरलँड नावाच्या पंडिताने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असे मांडले की, गुन्हा ही सोबत्यांकडून शिकलेली विद्या आहे. जशी सुतारकी शिकतात तशी. पुढे १९९० साली गॉटफ्रेडसन आणि हर्शी या दोघांनी उलट बाजू घेतली. ते म्हणाले, मूळ दोष आत्मसंयमाच्या उणिवेत. ज्याला लहानपणी घरी आवर लागला नाही तोच तशा सोबत्यांत जाऊन बसतो, म्हणून संगत हे कारण नसून लक्षण आहे. न्यूझीलंडातील डनेडिन शहरी १९७२-७३ साली जन्मलेल्या सुमारे १००० मुलांकडे तेथील संशोधकांनी वर्षानुवर्षे लक्ष ठेवले, आणि २०११ साली सांगितले की, बालपणी ज्यांचा संयम कमी होता त्यांच्यात पुढे बत्तिशीपर्यंत व्यसने आणि गुन्हे अधिक आढळले. मात्र त्यांनी हेही नोंदले की, ज्या मुलांचा संयम वयाबरोबर वाढला त्यांचे पुढचे आयुष्यही सुधारले. म्हणजे संयम कपाळावर लिहून आलेला नसतो. तो वाढविता येतो.

आणि आता संगतीच्या बाजूचा पुरावा ऐका. व्हिएतनामच्या युद्धात पुष्कळ अमेरिकन शिपायांना हेरॉइनचे व्यसन जडले. हे सगळे परत आले की देशाचे काय होणार, अशी तेथे चिंता पडली. ली रॉबिन्स नावाच्या विदुषीने १९७१ साली परतलेल्या शिपायांचा माग काढला. रणभूमीवर व्यसनी झालेल्यांपैकी घरी आल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात गेले ते शंभरांत पाचांच्या आसपास. ज्या विषाची गाठ सुटत नाही म्हणतात, ती एवढ्या जणांची सुटली कशी? परत येण्याआधी त्यांचे अंमली द्रव्य तोडले होते, हे खरेच; पण मुख्य म्हणजे जागा सुटली, ते सोबती सुटले, ती भीती आणि तो कंटाळा सुटला. घरची माणसे भोवती आली.

आता बारामती-इंदापूरच्या पोराचे पाहा. तो तुरुंगातून सुटतो आणि कोठे येतो? जेथून गेला तेथेच. तीच सडक, तीच टपरी, तेच चौघे. शिपायाला घर मिळाले. याला रणभूमीच परत मिळाली.

येथे कोणी शंका घेईल: "महाराज, असे म्हणाल तर उद्या प्रत्येक चोर म्हणेल, माझा दोष नाही, संगतीचा दोष. मग न्याय कोठे राहिला?" शंका रास्त आहे. तिचे समाधान कायद्यातच सापडते. १८६० च्या दंड संहितेत होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे, ते असे: कोणी फसवून अगर जबरीने पाजले आणि आपण काय करतो हे कळण्याची शक्तीच त्या धुंदीत गेली, तर तो अपराधी नव्हे, पण आपखुशीने प्याला असेल, तर शुद्धीवर असता जे ज्ञान असते ते त्याला होतेच असे धरून न्याय होतो. यातले मर्म ध्यानात घ्या. कायदा दोष कोठे शोधतो? कोयता उगारला त्या क्षणी तर शोधतोच, पण त्या आधीच्या क्षणीही शोधतो. जेव्हा प्याला भरलेला होता आणि हात मोकळा होता.

आम्ही आणखी एक पाऊल मागे जातो. प्याला भरला गेला तेव्हाही बरेच उशिराचे झाले होते. चौघे "घे रे" म्हणत असता "नको" म्हणणे सोपे नाही. अजामिळाला जे जमले नाही ते सतरा वर्षांच्या पोराला कसे जमावे? तो खरा मोकळा होता तो घरातून निघताना, चपला पायात घालताना. डावीकडे देऊळ होते, उजवीकडे टपरी. संयम म्हणजे बैठकीत बसून न पिणे असे लोक समजतात. आम्ही म्हणतो, संयम म्हणजे त्या बैठकीस न जाणे. संगत माणसाला बांधते हे खरे. पण संगत निवडण्याचा क्षण बहुधा त्याचा स्वतःचा असतो. म्हणून दोष उरतो. त्या माउलीच्या मुलाचा दोष उरतोच, आणि ते तिलाही ठाऊक आहे.

परंतु आता दुसरी बाजू. डावीकडचे देऊळ उघडे होते का? तेथे त्याला कोणी "ये, बस" म्हणणारे होते का? निवड करायची तर दोन वाटा हव्यात. एकच वाट असेल तर त्याला निवड म्हणत नाहीत.

बारामतीचे मोरोपंत १७९४ साली वारले. त्यांच्या केकावलीतील संगतीचा तो श्लोक एके काळी शाळेतल्या प्रत्येक पोराला पाठ असे. त्यातील मागण्यांचा क्रम पाहा. पंत पहिल्याने चांगली संगत मागतात. बुद्धीचा मळ जावा ही मागणी तिच्यामागून येते. कऱ्हेकाठच्या त्या पंडिताने क्रम चुकविलेला नाही. आधी मन शुद्ध कर, मग आमच्यात ये, असे तो म्हणत नाही. आधी आत ये, मळ पुढे जाईल.

आणि येथेच आमचा अपराध सांगायचा आहे. सात-आठ वर्षे झाली. आमच्याच गावचा एक तरुण मारामारीच्या खटल्यात दीड वर्ष आत राहून सुटून आला. आजा माळकरी, बाप पिणारा. ज्येष्ठ महिना होता, दिंडी निघायची तयारी चालली होती. एके सकाळी तो ओसरीवर आला. अंघोळ केलेली, कपडे धुतलेले. उंबऱ्याबाहेरच उभा राहून म्हणाला, "महाराज, यंदा दिंडीत येऊ का? टाळ येत न्हाई मला. पाण्याचा हंडा उचलीन." आम्ही त्याला "बस बाळा" म्हणालो, पण दिंडीतल्या जुन्या मंडळींना विचारून सांगतो, असेही म्हणालो. मंडळींत कुजबुज झाली. बायाबापड्या बरोबर असतात, सामानसुमान असते, कोणाच्या पिशवीतले काही गेले तर नाव कोणाचे? एकजण म्हणाला, "बुवा, एक वर्ष पाहू. सुधारला तर पुढल्या साली घेऊ." हे सर्वांना शहाणपणाचे वाटले. आम्हांसही वाटले. दिंडीचा शब्द आमच्या हाती होता. आम्ही तो टाकला नाही. त्याला निरोप मात्र गोड दिला.

तो "बरं महाराज" म्हणाला. त्या माउलीने म्हटले, अगदी तसेच.

दिंडी पंढरीस गेली. तो गावात राहिला. गावातले सगळे बरे लोक वारीला गेलेले. मागे उरली टपरी. तेथे त्याला कोणी एक वर्षाने ये म्हटले नाही. आज तो दुसऱ्यांदा आत आहे, आणि या वेळी प्रकरण पहिल्याहून भारी आहे. त्याने केलेल्या कर्माचा कर्ता तो आहे, यात शंका नाही. पण त्या सकाळी तो निवडीच्या क्षणी उभा होता, चपला पायांत घालून, आणि डावीकडचे दार आम्ही लावून घेतले होते.

आता वाल्याची उरलेली कथा. आपल्याकडे नारदमुनींचे नाव घेऊन सांगतात. अध्यात्मरामायणाच्या अयोध्याकांडात, सहाव्या सर्गात, वाल्मीकी स्वतः रामचंद्रांना आपली हकीकत सांगतात तेथे सप्तर्षी आहेत. वाल्मीकी काय सांगतात? आपण चोरांच्या संगतीत पडून चोर झालो, हे ते आपल्या तोंडाने सांगतात. संगतीचे नाव घेतात, पण पाप आपलेच म्हणून सांगतात. दोन्ही गोष्टी एका श्वासात. घरच्यांनी वाटा नाकारला, हे आम्ही त्या बाईंना सांगितले. पण पुढे काय झाले? तो ऋषींकडे परत आला तेव्हा ऋषींनी आपसात विचार केला. हा दुराचारी आहे, सज्जनांनी याच्याकडे पाठ फिरवावी असाच आहे. तरीही शरण आला आहे, म्हणून प्रयत्नपूर्वक याचे रक्षण केले पाहिजे. असा निर्णय करून त्यांनी त्याला नाम दिले. तो सरळ म्हणू शकत नव्हता म्हणून उलटे दिले! आणि आपण परत येईपर्यंत जपत राहा म्हणाले. ते परत आलेही.

सप्तर्षींच्या सभेत आमच्या दिंडीतल्यासारखीच कुजबुज झाली होती, पाहा. 'पाठ फिरवावी असा' हा पक्ष तेथेही मांडला गेला. पण तेथे 'तरीही' हा शब्द आला, आमच्याकडे 'एक वर्ष पाहू' आले. दीक्षित म्हणविणारे आम्ही, त्या एका शब्दात नापास झालो.

अशा माणसांवर विश्वास टाकून चालते का, असे कोणी विचारील. महाराष्ट्रात याचा पाठ घालून दिलेला आहे. औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, १९३९ साली मॉरिस फ्रिडमन या पोलंडच्या गृहस्थाच्या साहाय्याने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत केली. जन्मठेपेचे कैदी तेथे भिंतीवाचून, बेडीवाचून, बायकामुलांसह शेती करून राहिले. त्याच कल्पनेवर गदिमांनी कथा लिहिली आणि शांतारामबापूंनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' हे चित्र काढले. अमेरिकेत १९३५ साली दोन मद्यपी एकमेकांजवळ बसून न पिण्याचा प्रयत्न करू लागले, त्यातून दारू सोडणाऱ्यांची मंडळे जगभर झाली. ती मंडळे गावोगावी आज आपल्याकडेही भरतात. पुण्यात १९८६ साली अनिल आणि सुनंदा अवचट या डॉक्टर दांपत्याने मुक्तांगण सुरू केले, त्याला पु. ल. देशपांड्यांचे साह्य झाले. २०२२ साली तर महाराष्ट्रातील तुरुंगांतल्या बंद्यांची अभंग-भजनाची राज्यस्पर्धा तुकोबारायांच्या नावाने झाली. म्हणजे आमचा टाळ तुरुंगाच्या भिंतीआड पोचला. तो सुटलेल्या बंद्याबरोबर भिंतीबाहेर का येऊ नये?

येथे एक इशारा दिला पाहिजे. संगतीचा विचार करता करता जातीवर घसरू नये. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या, सोलापुरासारख्या ठिकाणी त्यांना तारेच्या कुंपणात ठेवले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो शिक्का पुसला गेला. म्हणून ते विमुक्त. कायद्याने पुसला तो शिक्का काही मनांत अजून आहे. जन्म ही संगत नव्हे. ज्या सुटलेल्या पोराविषयी आम्ही लिहितो तो कोणत्याही घरचा असू शकतो, आणि माळकऱ्याच्या घरचा तर असतोच असतो.

मग करावे काय? आमच्या अल्पमतीस सुचते ते सांगतो. पहिले, व्यसनाची जी वेळ तीच भजनाची वेळ असावी. सायंकाळी सात ते नऊ देवळात दिवा, टाळ आणि चहा असावा. सकाळच्या प्रवचनाने रात्रीची बैठक मोडत नाही. दुसरे, सुटून आलेल्यास काम द्यावे, उपदेश देऊ नये. हंडा उचलू द्यावा. उपदेश त्याने पुष्कळ ऐकलेला असतो. तिसरे, त्याला एकादशी धरू द्यावी. महिन्यात दोन दिवस भुकेला 'थांब' म्हणण्याची सवय लागली की इतर इच्छांनाही तो शब्द कळू लागतो. गीता सहाव्या अध्यायात चंचल मनावर उपाय सांगते तो अभ्यास आणि वैराग्य. आम्ही पोरांना एकदम वैराग्य सांगतो आणि अभ्यास विसरतो. चौथे, माळ हे औषध नव्हे. ज्याचे पिणे रोजचे व फार दिवसांचे आहे त्याने एकाएकी तोडले तर कंप सुटतो, झटके येतात, जिवावरही बेतते. त्याला आधी डॉक्टरांकडे न्यावे, मग देवळात. पाचवे, आपली चंची आधी तपासावी. टाळकऱ्याच्या कमरेला तंबाखू आणि तोंडाने पोराला दारूबंदी, हे पोर बरोबर हेरते.

आणि एक माणूस पुरे. सगळे गाव सुधारण्याची गोष्ट बोलू नये. एका दिंडीने एक सुटलेला माणूस घ्यावा, एका वारकऱ्याने त्याच्या शेजारी चालावे. काही वेळा फसगत होईल. पिशवीतले शंभर रुपये जातीलही. वारीत आमचे पुष्कळ काही हरवते. चपला हरवतात, घोंगडी हरवते, कोणी वारी सोडून देत नाही.

तेव्हा माउली, तुम्ही विचारलेत त्याचे उत्तर आता देतो. देव पाप चौघांत वाटीत नाही. प्रत्येकाला ते पुरते लागते. तुमच्या मुलाला त्याचे पुरते, पाजणाऱ्या तिघांना त्यांचे पुरते. आणि जे देवळात बसून होते पण ज्यांनी हाक मारली नाही, त्यांच्या खात्यावरही काही आहे. ते तुमच्या मुलाच्या खात्यातून कमी होत नाही. ते आमचे वेगळेच आहे.

तुमचा मुलगा सुटेल तेव्हा त्याला टपरीच्या आधी आमच्याकडे पाठवा. आमच्या गावच्या त्या मुलालाही आम्ही या चैत्रात पत्र लिहिले. आत जाऊन भेटण्याची परवानगी मागितली आहे. पत्रात कथा लिहिली नाही, दृष्टान्त दिला नाही. एवढेच लिहिले की, बाळा, त्या ज्येष्ठात आम्ही चुकलो. दिंडीत पाण्याचा हंडा उचलणारा अजून मिळालेला नाही, ती जागा तुझी आहे. उत्तर अद्याप आलेले नाही. वाट पाहत आहोत.

रामकृष्णहरि.